दीड सूत लाकडात पाचर: हॉकेन धाटणीच्या एका ठासणीच्या रायफलचं प्रकरण

सेंट लुईसजवळ राहणारे आमचे एक काका, मूळचे सिंधुदुर्गातले, निवृत्तीनंतर ठासणीची रायफल स्वतःच्या हातानं बांधायला बसले. नात्याचे नव्हेत, पण इथल्या मराठी मंडळींत त्यांना सगळे काकाच म्हणतात. मी टूलरूममध्ये काम शिकलेला, म्हणून मोजमापाला आणि कानसकामाला त्यांनी मला हाक मारली. नळी, लॉक (चाप ओढला की बार पेटवणारी यंत्रणा), हूक ब्रीच (नळीचं बूड अडकवायचा हूक), मेपलच्या लाकडाचा अर्धवट घडवलेला दस्ता असं सगळं सुटं सामान त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. ठरायचं राहिलं होतं ते एवढंच, की नळी दस्त्याला कशानं धरून ठेवायची. बारीक गोल पिना की सपाट पाचरी? पाचरी, तर किती, कुठे आणि केवढ्या जाडीच्या? प्रश्न किरकोळ वाटतो, पण एकदा लाकडाला आरपार भोक पाडलं की ते परत बुजवता येत नाही. म्हणून आम्ही कसा विचार केला ते सविस्तर लिहितो.

आधी एक स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतलं आहे. तिथल्या १९६८ च्या संघीय कायद्यात काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका साधारणपणे पुरातन शस्त्रांत धरल्या जातात, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे असतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे, मग ती ठासणीची का असेना.

काकांना हवी होती हॉकेन धाटणीची अर्ध्या दस्त्याची रायफल, म्हणजे लाकूड नळीच्या साधारण अर्ध्या लांबीपर्यंतच जातं अशी. जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या भावांचा कारखाना सेंट लुईसमध्ये होता. बीव्हरच्या कातड्यांसाठी रॉकी पर्वतात जाणारे लोक तिथून बंदुका घेत. जेकब १८४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत गेला, सॅम्युअल १८८४ पर्यंत जगला. त्यांच्या अर्ध्या दस्त्याच्या रायफलींचा साचा ओळखता येतो: जाड अष्टकोनी नळी, तिच्या बुडाशी हूक, तो हूक अडकवायला लांब शेपटीचा लोखंडी तुकडा, ती शेपटी दस्त्याच्या मानेतून आरपार जाणाऱ्या दोन बोल्टांनी खालच्या पट्टीला आवळलेली, आणि पुढच्या दस्त्यातून आडव्या गेलेल्या दोन सपाट पाचरी. काकांची नळी एक इंच जाडीची, ३६ इंच लांब, आतून .५४ इंच बोअरची. नुसत्या नळीचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरतं.

पाचरींना पहिला विरोध झाला तो रेंजवरच्या एका जुन्या कारागिराकडून. त्याचं म्हणणं, पेन्सिल्व्हेनियाच्या लांब रायफलींत नळी बारीक पिनांनीच धरलेली असते, पिन लाकूड कमी खाते आणि बाहेरून फारशी दिसतही नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. लँकेस्टरकडच्या पूर्ण दस्त्याच्या बंदुकींत पिनाच शोभतात, आणि तिथे त्यांना कारणही आहे. त्या बंदुकींत नळीच्या बुडाची शेपटी स्क्रूनं दस्त्याला कायमची आवळलेली असते. नळी वर्षानुवर्षं बाहेर काढतच नाहीत, जागच्या जागी धुतात. जी वस्तू काढायचीच नाही, तिला धरायला पिन पुरते.

काकांच्या सामानात मात्र हूक ब्रीच होता, आणि माझ्या मते प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं होतं. हूक ब्रीच नळी झटकन उतरवता यावी म्हणून असतो. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे उरतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि नळी तशीच ठेवली तर गंज चढायला फार वेळ लागत नाही. हे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून नळी उतरवायची, बूड गरम पाण्याच्या बादलीत ठेवायचं आणि गजाला (बार ठासायच्या काठीला) चिंधी लावून पाणी वरखाली ओढायचं. अशा बंदुकीला पिना ठोकल्या तर दर धुण्याला हातोडी आणि पंच घ्यावा लागेल, आणि काही हंगामांत पिनेची भोकं सैल होऊन कडेचं लाकूड उडायला लागेल. नळी दर वेळी उतरणार असेल तर पाचर, दस्त्यातच राहणार असेल तर पिन. सौंदर्य, परंपरा, ताकद हे मुद्दे त्यानंतरचे.

ताकदीचा मुद्दा तर मोजून बाजूला ठेवता येतो. तीन सूत रुंद आणि पाऊण सूत जाड साध्या पोलादाची पाचर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कातरायला तीनशे किलोच्या वर जोर लागतो, तोही एका बाजूचा. इंचाच्या सोळाव्या भागाहून किंचित जाड पिनसुद्धा चाळीस किलोला दाद देत नाही. शिवाय बार उडाल्यावरचा धक्का यांच्यावर यायलाच नको, तो बुडाच्या तुकड्यानं मागच्या लाकडावर घ्यायचा असतो. पाचरीचं काम एवढंच, की नळी वर उचलली जाऊ नये.

काकांनी आणखी एक पर्याय काढला. त्यांच्या गावाकडच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, डुकरं आणि माकडं हाकलायला.

"अरे, तिला ना पिन होती ना पाचर. नुसती कडी. तीच लावली तर?"

"काका, कडी धरेल. पण हॉकेन दिसणार नाही ती."

काकांचं म्हणणं वावगं नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या तोड्याच्या बंदुकींतही नळी दस्त्याला धातूच्या पट्ट्यांनी, तारेनं किंवा चामड्याच्या वादीनं बांधलेली दिसते. लाकडाला भोक पाडावं लागत नाही, हा त्या पद्धतीचा मोठा गुण. पण ती सडपातळ गोल नळीला आणि निमुळत्या दस्त्याला शोभते. एक इंची अष्टकोनी नळीखाली गज धरणारी पोलादी पट्टी असताना कडी चढवायची कुठे, हाही प्रश्न होताच. काकांनी ऐकलं. पाचरी ठरल्या.

खरी अडचण पुढे होती. पाचर जाते कुठून, ते डोळ्यांपुढे आणा. नळीच्या तळाला लोखंडाचा एक छोटा लग (भोक असलेला कान) डोव्हटेल करून, म्हणजे तळाशी रुंद अशा खाचेत सरकवून, बसवलेला असतो. नळी दस्त्याच्या पन्हळीत बसली की लग लाकडात खाली उतरतो, आणि पाचर एका बाजूनं लाकूड, मग लगाचं भोक, मग दुसऱ्या बाजूचं लाकूड अशी आरपार जाते. पण त्याच लाकडात थोडं खाली गज ठेवायचं लांब भोक असतं. म्हणजे पाचरीला मिळते ती नळीचा तळ आणि गजाचं भोक यांच्यामधली लाकडाची पातळ भिंत. बांधणारे बहुतेक लोक बाहेरून मापं घेतात आणि इथे फसतात, कारण तयार दस्त्यातलं गजाचं लांब भोक सरळ गेलेलं असेलच असं नाही. लांब ड्रिल लाकडाच्या रेषेबरोबर वाहवत जातं.

आम्ही भिंत आतून मोजली. लग जिथे बसणार तिथलं लाकूड नाहीतरी कोरायचंच असतं. तिथे पन्हळीच्या तळाला एक बारीक भोक पाडलं, गज आत सरकवला आणि भोकातून तार टाकून ती गजाला टेकेपर्यंतची खोली घेतली. बुडापासून बारा इंचांवर दीड सूत मिळालं. बुडापासून साडेचार इंचांवर, जिथे मागची पाचर आखली होती, तिथे जेमतेम एक सूत. गजाचं भोक मागे जाताना वर चढलं होतं.

एक सुताच्या भिंतीत पाऊण सूत जाडीची पाचर घालायची म्हणजे वर-खाली मिळून पाव सूत उरतं. लगाच्या भोकाखालीही धातूची पट्टी राहायला हवी, नाहीतर पाचर धरणार कशाला? हे होण्यासारखं नव्हतंच. आता मागची पाचर पुढे सरकवायची, पातळ करायची की सरळ रद्द करायची?

रद्द करण्याचा विचार मी गंभीरपणे केला. नळीचा भार कसा पडतो ते पाहिलं की मागच्या पाचरीचं महत्त्व कमी वाटायला लागतं. ३६ इंची नळीचं वजनाचं केंद्र बुडापासून अठरा इंचांच्या आसपास असतं, आणि आमचा पुढचा दस्ता पंधरा इंचांवर संपत होता. म्हणजे बंदूक आडवी धरली की नळी दस्त्याच्या टोकावर टेकून पुढे झुकते आणि तिचं बूड उचलायला बघतं. ते दाबून धरतो हूक. अशा वेळी पुढच्या पाचरीवर जवळजवळ काहीच भार नसतो. तोंड वर उसळतं तेव्हा मात्र पाचर कामाला येते. म्हणून हूक नीट बसला नसेल तर कितीही सुबक पाचरी घाला, नळी खडखडणारच. पाचरीचं घर कोरण्याआधी हुकाच्या जागेवर काजळी लावून, जिथे काळं उठेल तिथे घासून तो बसवायला आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो तसा द्यावाच.

इंग्लंडच्या अर्ध्या दस्त्याच्या शिकारी बंदुकींत कितीतरी ठिकाणी एकाच पाचरीवर भागवलेलं दिसतं. काकांना मात्र सेंट लुईसचा साचा सोडायचा नव्हता. "दोन असतात तर दोनच हव्यात रे." नुसतं दिसण्यासाठी पातळ भिंतीत भोक पाडायला माझं मन तयार नव्हतं. त्या दुसऱ्या पाचरीचं काही काम आहे का, हे लाकडालाच विचारायचं ठरवलं.

आधी पुढची पाचर बसवून घेतली. मग पन्हळीत काजळीचा हात फिरवून नळी बसवली, काढली. काजळी तळाला सगळीकडे सारखी उठली होती, म्हणजे मध्ये कुठे उंचवटा नव्हता. त्यानंतर टिश्यू कागदाच्या अरुंद पट्ट्या नळी आणि लाकूड यांच्यामध्ये ठेवल्या: एक बुडाजवळ, एक लॉकच्या पुढे, एक दस्त्याच्या टोकाशी. हूक अडकवला, पाचर सारली, बंदूक उलटी करून हातावर तोलली आणि पट्ट्या ओढून पाहिल्या. बुडाची हलेना, टोकाची हलेना. मधली मात्र अलगद निघून आली. तिथे शिकंज्यानं लाकूड नळीला हलकेच दाबलं की तीही घट्ट बसायची. हूक आणि पुढची पाचर यांच्यामधलं लाकूड सुकताना किंचित खाली वाकलं होतं. केसाएवढीच फट, पण नेमकी लॉकजवळ, जिथे बार पेटवणारी टोपी फुटल्यावरचा धूर आणि पावसाचं पाणी दोन्ही शिरतात. मागच्या पाचरीला काम मिळालं, आणि माझा विरोध तिथेच संपला.

जागा मात्र बदलली. बुडापासून सहा इंचांवर भिंत सव्वा सूत भरली. तिथे अर्धं सूत जाडीची पाचर घातली. पुढची पाऊण सुताचीच ठेवली. दोन्हीकडे पाचरीच्या वर आणि खाली मिळून तेवढंच, पाऊण सूत, शिल्लक राहिलं. मागचा लग पुढे सरकल्याचा आणखी एक फायदा, जो आम्ही मुद्दाम शोधला नव्हता. बार उडतो तेव्हा सगळ्यात जास्त दाब नळीच्या बुडाशी असतो, आणि डोव्हटेलची खाच नळीच्या भिंतीतूनच काढलेली असते. आमच्या नळीची भिंत पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास होती, खाच दीड मिलिमीटर. अशी खाच बुडापासून जेवढी लांब तेवढी बरी.

वर शिल्लक राहिलेलं लाकूड मिलिमीटरभर, ते टिकेल का, अशी शंका काकांनी घेतली आणि ती रास्त होती. पण पाचर वर दाबते ती मधल्या पातळ भागावर नव्हे. नळीच्या दोन्ही बाजूंना दस्त्याच्या भिंती उभ्या चढलेल्या असतात, भार त्यांच्यावर येतो. तरीही ते भोक उघडं ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. पाचर दर वेळी आत-बाहेर होते आणि लाकडाची कड हळूहळू गोल होत जाते. लाटांच्या रेषांच्या मेपलमध्ये तर कड झिजत नाही, कपचीच उडते. म्हणून दोन्ही बाजूंना लंबगोल पत्र्याच्या चकत्या, लाकडात सपाट बसवून प्रत्येकी दोन बारीक स्क्रूंनी पक्क्या केल्या. काकांना आधी जर्मन सिल्व्हर हवं होतं. बाकीचं सगळं सामान लोखंडी आणि काळपट केलेलं असताना चार पांढऱ्या चकत्या डोळ्यांत खुपल्या असत्या. लोखंडीच बसवल्या.

पाचर हरवू नये म्हणून तिला लांबट खाच पाडून त्या खाचेतून लाकडात एक बारीक खिळा उभा घालायची पद्धत चांगल्या इंग्लिश बंदुकींत असते. पाचर ओढली की खिळ्यापाशी अडते, पूर्ण बाहेर येत नाही. पुढच्या पाचरीला आम्ही ते केलं. खिळा पन्हळीच्या बाजूनं घातला, त्यामुळे नळी बसली की तो झाकला जातो. मागच्या पाचरीला खिळा रुजायला पुरेसं लाकूडच नव्हतं. ती मोकळी ठेवली.

आता लगातल्या भोकाची लांबी. इथे लोक पाचरीच्या मापाचं घट्ट भोक करतात आणि ते चुकीचं आहे. लाकूड आडवं खूप हलतं, उभं फारच थोडं. हिरव्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत सरळ रेषांचं लाकूड लांबीत दर शेकड्याला ०.१ ते ०.२ एवढंच आकसतं. पण लाटांच्या मेपलमध्ये तंतू सरळ जात नाहीत, वरखाली होतात, म्हणून आडव्या आकसण्याचा काही भाग लांबीत उतरतो. तंतूंचा उतार पंधरा अंशांचा धरला तर हे आकसणं तिप्पट-चौपट होतं. मिसुरीचा दमट उन्हाळा आणि हीटर लावलेल्या घरातला जानेवारी यांच्यातला फरक धरून हिशेब केला, तर बुडापासून बारा इंचांवर लाकूड पाव ते अर्धा मिलिमीटर पुढेमागे होऊ शकतं. पोलादाची नळी तापून वाढते ती वेगळी, पन्नास अंशांच्या फरकाला एवढ्या अंतरात ०.१८ मिलिमीटर. भोक घट्ट असेल तर हा सगळा ताण पाचरीवर येतो, पाचर अडकते आणि दस्ता नळीला ओढायला लागतो. आम्ही लगातलं भोक पाचरीपेक्षा एकूण अर्धं सूत लांब ठेवलं, दोन्हीकडे सारखं. उभ्या दिशेला मात्र मोकळीक अजिबात ठेवली नाही. पाचरीचा खालचा चेहरा लगाला आणि वरचा चेहरा लाकडाला टेकलाच पाहिजे.

भोक पाडताना नळी शिकंज्यानं पन्हळीत दाबून धरली, दोन्ही बाजूंनी रेघा आखल्या आणि बारीक ड्रिलनं एका रांगेत भोकं पाडली, अर्धी एका बाजूनं, अर्धी दुसऱ्या बाजूनं. एकाच बाजूनं आरपार गेलं की ड्रिल भलतीकडे निघतं आणि बाहेर पडताना लाकूड फोडतं. मधल्या भिंती पातळ करवतीच्या पात्यानं जोडल्या आणि पुढचं सगळं कानशीनं. पाचर आधी हातानं तीन चतुर्थांश जाईल इतपतच भोक घासलं. उरलेलं पाचरीला काजळी लावून, जिथे काळं उठेल तेवढंच काढत गेलो. शेवटी काकांनी पाचरीला मधोमध अगदी किंचित बाक दिला. त्यानं ती स्प्रिंगसारखी दाबून बसते आणि हादऱ्यानं बाहेर सरकत नाही. ठोकून घट्ट करण्यापेक्षा हा बाक कितीतरी बरा. पाचर अंगठ्यानं आत जावी, आणि काढताना लाकडी दांड्याची एक टकटक पुरावी.

नळी उतरवण्याआधी गज आत टाकून बार भरलेला नाही याची खात्री करायची, हे काकांनी पहिल्यापासून अंगवळणी पाडलं. रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो तिथे त्यांनी गजावर खूण कोरून ठेवली आहे.

पन्नास यार्डांवर आम्ही नेम धरून काही गोळ्या मारल्या, नळी उतरवून धुतली, परत बसवली आणि पुन्हा मारल्या. दोन्ही वेळच्या गोळ्या एकाच जागी एकमेकींत मिसळल्या. पाचरींच्या बांधणीची हीच परीक्षा मी महत्त्वाची मानतो. नळी दर वेळी त्याच जागी बसत नसेल तर उतरवण्याच्या सोयीला काय अर्थ?

पहिल्या ऑगस्टमध्ये पुढची पाचर जड जायला लागली, लाकूड फुगलं होतं. काकांनी फोन करून विचारलं, "घासू काय जरा?" मी नको म्हटलं, आणि हिवाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं. उन्हाळ्यात घासलेली पाचर जानेवारीत गळून पडते. जानेवारीत ती पुन्हा अंगठ्यानं सरकायला लागली. तेव्हा नळी उतरवून लगाची भोकं भिंगाखाली पाहिली. पाचरीची चकाकी वरखालच्या चेहऱ्यांवरच उठली होती. पुढच्या-मागच्या टोकांना ती कुठेही घासलेली नव्हती.

काकांनी आता दुसऱ्या बंदुकीचं लाकूड आणलं आहे. ही चकमकीची, पूर्ण दस्त्याची, ४२ इंची नळीची, बुडाची शेपटी कायमची आवळलेली. हिला पाचरी लावायच्या नाहीत, पिना लावायच्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पुढच्या लगाचं भोक किती लांबट ठेवायचं एवढंच विचारलं. बुडापासून त्या लगापर्यंतचं अंतर तीन फूट आहे, म्हणजे हॉकेनच्या तिप्पट. तर मोकळीकही त्याच हिशेबानं वाढवायची.